सीट मागेच आहे

प्रिय लांब्या,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, आणि ही वकिलाची नोटीसही नाही. फोन करून करून थकलो म्हणून कागद घेतला. माझी गाडी ठोकलीस आणि मग विम्याच्या कचेरीतून उठून गेलास, त्या दिवसापासून मी जेव्हा जेव्हा फोन केला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, 'ते आंघोळीला गेलेत.' सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, संध्याकाळी आंघोळ. अरे, एवढ्या पाण्यानं दगडाचा गोटा होतो, तुझं काय उरलं असेल कोण जाणे. वहिनींना खोटं बोलता येत नाही, दर वेळी त्यांचा आवाज पडतो. निदान त्यांच्यासाठी तरी अधूनमधून दाढीला जात जा.

गाडी दुरुस्त होऊन आली. पुढचा एक दिवा नवा, एक जुना, त्यामुळे समोरून बघितलं की डोळा मारतेय असं वाटतं. या वयात तिला शोभत नाही, पण कोण सांगणार. तू ज्याला पाडलंस तो शिंपीही बरा आहे. मनगटाचं प्लास्टर निघालं, कात्री धरता येते. मी त्याच्या दुकानात जाऊन आलो, पँट कमरेत आवळून घ्यायचं निमित्त करून. निमित्त खरंच होतं म्हणा, हल्ली माझ्या पँटी माझ्यापेक्षा सुखी दिसतात. तर तो सगळा वेळ तुझेच गोडवे गात होता. 'ते उंच साहेब म्हणजे देवमाणूस. अजून रोज येतात. हात बांधलेला होता तेव्हा माझं मशीनसुद्धा पुसून ठेवायचे.' खरं सांगू? जीव जळला. ज्याला पाडलंस त्याच्याकडे रोज, आणि ज्याची गाडी त्याच्याकडे एकदाही नाही. तुझी भेट हवी असेल तर माणसानं तुझ्या चाकाखालीच यावं, असा काही नियम केलायस का?

झालं काय ते तुला माहीत आहे, पण तुझ्या डोक्यात ते भलतंच बसलंय, म्हणून पुन्हा सांगतो. तुझ्या काकूंना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. तू नेहमीसारखा आलास, दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढलीस आणि ओरडलास, 'नेतो रे!' मी स्वयंपाकघरातून 'ने' म्हणालो. आपला करार कायम एवढाच. ही होती तेव्हा विचारायची, 'भाऊजी, गाडी नक्की कुणाची, यांची की तुमची?' आणि तू म्हणायचास, 'पेट्रोल याचं, गाडी माझी.' तर दवाखान्याच्या फाटकातून बाहेर वळताना शिंप्याची स्कूटर आली. चूक तुझीच होती. तू मान मागे वळवून काकूंशी भांडत होतास, हे शिंप्यानं सांगितलं आणि काकूंनीही.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते तू विम्याच्या माणसासमोर अक्कल पाजळलीस तेव्हा. 'गाडी मी मालकाला न विचारता आणली.' तुझा हिशोब मला कळला. सगळं आपल्या अंगावर घेतलं की माझा विम्याचा बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, वाचेल, मला त्रास होणार नाही. अरे शहाण्या, विमा गाडीच्या मागे असतो, आपल्या प्रेमाच्या मागे नसतो. मालकानं स्वतः दिलेली गाडी मित्रानं ठोकली, तर भरपाई कंपनी देते, मालकाचा बोनस जातो, विषय संपला. पण न विचारता नेलेली असेल, तर कंपनी शिंप्याला पैसे देणार आणि तुझ्याकडून ते वसूल करणार. वर मला सांगणार, मित्राविरुद्ध पोलिसात तक्रार द्या.

म्हणून मला बोलावलं. टेबलापलीकडे माझ्या लेकीच्या वयाची मुलगी. म्हणाली, 'काका, नीट आठवा, परवानगी दिली होती का?' म्हटलं, 'त्याला परवानगी लागत नाही.' 'म्हणजे दिली नव्हती?' 'म्हणजे कायमचीच दिलेली आहे.' तिनं पेन खाली ठेवलं. 'काका, हो की नाही एवढंच सांगा, मला जेवायला जायचंय.' मी 'हो' म्हणालो. त्या 'हो'नं तू वसुलीतून सुटलास आणि खोटा ठरलास. तुला पुन्हा बोलावून सगळ्यांदेखत तिनं विचारलं, 'आता तुमच्या दोघांत खरं कोण बोलतंय?' तू मान खाली घालून उठून गेलास, ते थेट आंघोळीला. राग आला असेल तर ये आणि शिव्या घाल, बसून ऐकेन. पण लाज वाटत असेल तर हद्द झाली. मला वाचवायला खोटं बोललास म्हणून मलाच तोंड दाखवत नाहीस, असा मूर्खपणा शोधून सापडायचा नाही.

बाकी इकडे ठीक. लेकीचा रविवारी फोन येतो. 'बाबा, जेवलात का?' मी हो म्हणतो, मग दोघंही पुढचा विषय शोधत बसतो. बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून गाडी काढतो. बाजारापर्यंत जातो, घ्यायचं काही नसतं, वळून परत येतो. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवतो. परवा एकदम ब्रेक लावावा लागला, तर माझा डावा हात पिशवीसमोर आडवा गेला, हिच्यासाठी जायचा तसा. मग इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. कोण पाहणार!

आणखी एक. गॅरेजवाल्यानं सीट माझ्या मापाला पुढे ओढून दिली होती. इतकी वर्षं तू गाडी आणून लावलीस की मी तुझ्या तंगड्यांच्या नावानं बोटं मोडत ती सीट पुढे घ्यायचो. या वेळी घरी आलो आणि ती मागे ढकलली, तुझ्या मापाला. आता क्लच दाबायला मला सीटच्या अगदी कडेवर यावं लागतं. सिग्नलला लोक बघतात. यातून काही झालं तर विम्याच्या त्या मुलीला काय सांगायचं, तेवढं सुचवून ठेव.

आता पत्राचं खरं कारण. विमा नव्यानं भरायची वेळ आली आहे. काल एजंटचा फोन आला, दर वर्षीचाच प्रश्न घेऊन. 'साहेब, तुमच्याशिवाय गाडी आणखी कोण चालवतं?' दर वर्षी मी दोघांची नावं सांगायचो, हिचं आणि तुझं. हिचं गेल्या वर्षी त्यानंच काढून टाकलं, मला विचारलंसुद्धा नाही, भला माणूस. या वेळी मी 'थांबा जरा' म्हटलं, तर म्हणाला, 'कुणी नसेल तर उलट बरंच आहे साहेब, एकट्याला हप्त्यात सवलत मिळते.' लांब्या, एकटेपणाचं बक्षीस मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी देऊ केलं. ते घ्यायला जीभ उचलेना. सोमवारी सांगतो म्हणालो. म्हणून हे पत्र टपालात न टाकता शिंप्याच्या हातात देतोय, तिथं तू येणार याची खात्री आहे. सोमवारच्या आत ये. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, शिंप्याचा विषय मीही काढणार नाही. किल्ली दारामागच्या खिळ्यावरच आहे. काढ, आणि दारातूनच नुसतं 'नेतो रे' म्हण. मी स्वयंपाकघरात असेन, कान दाराकडे लावून.

तुझाच,
बुटक्या