कुंकू लागलेलं ग्राफिक्स कार्ड

अण्णा, तुमची नात आतल्या खोलीत रडत नाही, हेच मला जास्त जड जातंय. पुण्याच्या एका कंपनीनं तिला चाचणीचं काम दिलंय. एका इमारतीचं चित्र बनवायचं, त्यात आतून फिरता आलं पाहिजे, आणि सोमवारी सकाळी द्यायचं. तीन वर्षं घरी बसलेल्या पोरीला पहिल्यांदाच कुणी बोलावलं, तर आपला कॉम्प्युटर त्या इमारतीच्या जिन्यापर्यंत जातो आणि थिजतो. हे मशीन एका बंद पडलेल्या दूध संघाच्या लिलावातलं आहे. जिना चढायचा नाही, हा त्याचा मूळ संस्कार. त्यावर इलाज एकच, ग्राफिक्स कार्ड. चित्राचा भार उचलणारा, दोन पंख्यांचा, विटेएवढा तुकडा. काल बीडला जाऊन मीच तो आणला. होतं नव्हतं ते त्यात गेलं.

आणलं आणि काय केलं? देवासमोर पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग मशीन उघडलं. कार्ड आत जाईना, डबा चार बोटं आखूड. वीज देणारा सप्लाय इतका अशक्त की या कार्डाला लागणारी वायरच त्याच्यात नाही. आणि जुन्या डब्याचा घाट असा की नवा सप्लाय त्यात बसतही नाही.

तेव्हा तुम्ही आठवलात. दुष्काळाचं साल, गेवराईकडं गोदावरीचं पात्र नुसती वाळू, एका डोहात तेवढं पाणी. तुम्ही उपसा सिंचन संस्थेचे वायरमन. चेअरमन मोठी मोटर घेऊन येतात, हार, फेटे, नारळ. सगळ्यांदेखत तुम्ही विचारता, "साहेब, ह्या मोटरीला ही केबल पुरंल का, कुणी बघितलंय?" ते हसतात. "वायरमन, नारळ फुटलाय. आता कशापायी अपशकून करता?" बटण दाबलं आणि मी टाळ्या वाजवल्या. केबल जळली, मोटर जळली, आणि दुसरी येईपर्यंत डोह आटला. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "टाळ्या वाजवायला लई घाई व्हती रं तुला." त्या एका नारळावर मी पुढं वीस वर्षं विनोदी लेख लिहिले, अण्णा. चेअरमन बदलले, नारळ तोच ठेवला. लोक पोट धरून हसले.

आज सकाळी कार्ड परत द्यायला गेलो. दुकानदारानं ते उजेडात धरलं, पंखा बोटानं फिरवला. "काका, ह्याच्यात कुंकू गेलंय. पार आतपर्यंत."

"पुसून देतो की."

"कंपनीला काय सांगू, कार्डाचं लगीन लागलंय म्हणून?" मग जरा नरमला. "न्हाई हो घेता येत. घेताना मी इचारलं व्हतं तुमाला, सप्लाय किती वॅटचा हाय म्हणून. तुमी म्हणलात, सगळं बघितलंय."

घरी येऊन मी पोरीला सांगितलं, दुकानदारानं फसवलं. बसेल म्हणाला आणि गळ्यात मारलं. आता ती त्याला फोनवर झापतेय, "तुम्ही माझ्या पप्पांना भोळं समजून फसवलंत!" सोमवारचं काम गेलं हे तिला कळलंय, तरी ती भांडतेय ती माझ्यासाठी. तिकडून तो काय सांगतोय ते मला ऐकू येत नाही. ती मात्र आता हळू आवाजात विचारतेय, "वॅटचं विचारलं होतं तुम्ही?"

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुम्ही गेलात तिथं टपाल जात नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. काल बीडला निघताना तिनं डब्याची लांबी, सप्लायचे वॅट, सगळं मोजून एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. त्या पोरसवदा दुकानदारासमोर चिठ्ठी काढून वाचायची मला लाज वाटली. ती अजून माझ्या शर्टाच्या खिशात आहे, घडी न मोडलेली.