माफी भलत्यानंच मागितली

दादा, आमचं नवं गाणं आलं. गाणं म्हणायचं ते सवयीनं, कारण सहा मिनिटांत गाणारं कुणीच नाही. दोन गिटार, ड्रम्स, आणि जिथे तुमची बास गिटार असायची तिथे तुमचीच, जुन्या कॅसेटवरून उचललेली. तुमच्या आठवणीत केलंय, तसं गाण्याच्या नावाखाली लिहिलंयही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लोक ऐकून मला फोन करतात, गुरूसाठी किती केलंस म्हणतात, आणि मी लाजल्यासारखं करून ऐकून घेते. निर्लज्जपणाच आहे तो.

बाबांच्या बँकेच्या बदलीनं आम्ही कलकत्त्यात डमडमला आलो आणि तिथलेच झालो. तुम्ही दर रविवारी बजबजहून गाडी बदलून मला शिकवायला यायचात आणि आधी स्वयंपाकघरात शिरायचात. आई थालीपीठ थापतेय, तुम्ही ओट्याला टेकून उभे. ती मराठीत बोलतेय, तुम्ही बंगालीत उत्तर देताय, आणि दोघांचं काहीही अडत नाहीये. मी चौदा वर्षांची, बाहेर गिटारवर सुसाट सुटलेली. "कुठं आग लागलीय?" तुम्ही तिथूनच विचारता. "बजबजची गाडी मला पकडायचीय, तुला नाही." आई हसते. मला तेव्हा तुमचा असा राग यायचा की सोय नाही. पण एका सुरावर थांबायचं कसं, पुढच्याची घाई करायची नाही, हे मी त्या ओट्यापलीकडून ऐकत शिकले. पुढे तुम्ही मला तुमच्याच बँडमध्ये घेतलंत. चार बाप्ये आणि मी एकटी. कुणी वाकडं बोललं तर तुम्ही नुसतं वर बघायचात, तेवढं पुरायचं.

बँडचा कायदा एकच, तोही तुमचाच. कुणी कुणाला काढायचं नाही. ज्याला सोडायचंय त्यानं तालमीच्या खोलीत यायचं, सगळ्यांना सामोसे खाऊ घालायचे आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आमचा कीबोर्डवाला नोकरीसाठी बाहेरगावी निघाला तेव्हा त्यानं टोपलीभर सामोसे आणले होते. त्याला स्वतःला एकही गेला नाही, रडतच बसला होता.

मग तुमची बोटं आखडायला लागली. मोठा कार्यक्रम मिळाला होता, आणि मी घाबरले. तुम्हाला फोन केला. "दादा, सगळ्यांचं म्हणणं आहे, या वेळी दुसऱ्या कुणाला घ्यावं."  तुम्ही विचारलंत, "तू नाही ना म्हणालीस?"

"मी कशी म्हणेन?"

"मग ठीक आहे," म्हणालात, आणि आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलंत. सगळ्यांचं कसलं म्हणणं, दादा! सगळ्यांना मी सांगितलं की तुम्ही स्वतःहून सोडलंत आणि त्यावर कुणाशी बोलायची तुमची इच्छा नाही. दोन्हीकडे खोटं बोलले. कार्यक्रम झकास झाला.

आपले ड्रमर, तुमचे शाळेपासूनचे दोस्त, त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. तुम्ही इस्पितळात होतात तेव्हाही ते हावड्याहून आले नाहीत. कुणी आलं की तुम्ही दाराकडे बघायचात, ते मी पाहिलंय. मी रोज यायचे, संत्री सोलून द्यायचे, आणि तोंड मात्र उघडलं नाही.

आता या गाण्याचं रेकॉर्डिंग संपत आलं तेव्हा ते म्हणाले, मला थोडं बोलायचंय. माइकसमोर उभे राहिले आणि तुम्हाला म्हणाले, "सामोसे न देता गेलास म्हणून मी रागावलो. भेटायला आलो नाही. चुकलो रे, माफ कर." अख्ख्या गाण्यात शब्द आहेत ते एवढेच. काचेच्या अलीकडे मी उभी होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "ठेवू या, छान झालंय."

परवा त्यांचा फोन आला. इतक्या वर्षांनी हलकं वाटतंय म्हणाले. मी म्हटलं, "तुमची काही चूक नव्हती." "होती गं," ते म्हणाले. "तू नको मला सांभाळून घेऊस." तिथेच सांगायला हवं होतं. मी विचारलं, शनिवारी ड्रम्स कशातून आणताय?

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, ठाऊक आहे. त्यांना मात्र वाचून दाखवता येईल, अगदी उद्याच. नाही दाखवणार. इतके दिवस मी स्वतःची समजूत घालत होते, की त्यांना या वयात आणखी कशाला दुखवायचं. तसं काही नाहीये, दादा. शनिवारी हे गाणं पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायचंय, आणि ड्रम्सवर मला तेच हवेत.