दौलतच्या तहानेचं निदान

चाकण, ता. ११ जानेवारी

ती. कुसुमताईस,
धाकट्या दौलतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. दोन्ही मूत्रपिंडं सुजलीत. डॉक्टर आधी खडा म्हणाले, मग कॅन्सरची शंका घेतली. तिथला तुकडा काढून तपासला तर कॅन्सरही नाही. रक्तातलं क्रिएटिनिन एकच्या आसपास हवं, ते साडेचारवर गेलंय, डायलिसिसची तयारी ठेवा म्हणतात. तुझी भावजय वर्षाली देवाला बोल लावते, मग त्यालाच दिवा लावते. पाय दुखतात, पण ते कंपनीत मशीनवर उभं राहून. तू काळजी करू नकोस.

तुझा,
दौलत

उमरगा, ता. १९ जानेवारी

चि. दौलतास अनेक आशीर्वाद.
वि. वि. काळजी करू नकोस म्हणे! मग पत्र कशाला लिहिलंस?

मी तीस वर्षं अंगणवाडीत लेकरं तपासली, तवा नीट ऐक. दिवाळीत आलास तेव्हा माझा माठ तू एकट्यानं रिता केलास. साखर तपासली, न्हाई म्हणालास. मग एवढी तहान कशाची? पापण्यांवर पिवळे चट्टे आलेत. अन् तेल चोळताना माझ्या हाताला कळलं, तुझे गुडघे न्हाई दुखत, वरखालची हाडं दुखतात. हे डॉक्टरला सांगितलंस? न्हाई सांगितलं. मला ठाऊक हाय. हे पत्रच नेऊन दाखव. लाज वाटली तर वर्षालीला वाचायला सांग.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ताई

चाकण, ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वर्षालीनंच डॉक्टरांना दिलं. मला तपासणाऱ्या डॉ. स्वप्नाली काटे, पिंपळे सौदागरच्या, वयानं लेकीएवढ्या. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं की ताई नर्स आहेत का. मग मला झापलं, की पाय आणि तहान सांगायला काय कर पडतो का. त्याच दिवशी हाडांचा स्कॅन केला. दोन्ही पायांची हाडं दिव्यासारखी उजळली. डोक्यातल्या ग्रंथीलाही सूज निघाली, तहान तिथूनच. जुना तुकडा पुन्हा तपासला, त्यात पेशींमधला जनुकाचा दोष सापडला.

आजाराचं नाव एर्डहाइम-चेस्टर. रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी वाढून हाडांत आणि मूत्रपिंडांभोवती थर धरतात. लाखांत एखाद्यालाही होत नाही. पण त्या दोषावर नेमकी गोळी आहे. लघवीच्या वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून नळ्या बसवल्या, गोळ्या सुरू झाल्या. उतार पडेल की नाही, ते तीन महिन्यांनी कळेल. खरं सांगतो, भीती वाटते.

तुझी माया राहू दे.
दौलत

चाकण, ता. ९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डायलिसिस रद्द! क्रिएटिनिन दीडवर आलं. थर विरघळलाय, नळ्याही काढल्या. गोळी पुढंही चालू राहील, तिच्यामुळं उन्हात अंग भाजतं, म्हणून टोपी घालतो. डॉक्टरबाईंनी स्कॅन समोर धरला आणि त्यांनाच हसू आवरेना. वर्षाली तिथंच रडली आणि बाहेर येऊन तिनं दोन वडापाव खाल्ले.

काल देहूला गेलो. भंडारा डोंगराच्या पायऱ्या चढलो, ताई. तीनदा बसलो, पण वर पोचलो. वरून चाकणच्या कंपन्यांची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती. मी वर्षालीला आमची शेड दाखवली आणि म्हटलं, सोमवारपासून पहिली शिफ्ट.

तुझ्या हाताला दंडवत घालून,
दौलत