खोटी पिल्लं

चि. योगराज,
तुझ्या दादाचा बर्फावरून आशीर्वाद.

मी खुशाल आहे. इथे अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर थंडी हाडं फोडते, पण स्वयंपाक माझ्याच हाती, म्हणून भात गरमच खाऊन राहिलो. इटियाडोह धरणाचं पाणी धानाला सुटलं का? तुझी सोनिका शाळेत जाते ना?

इथल्या उथळ पाण्यातले मासे काय खातात, हे आमच्या तळावरच्या संशोधक चेतना मॅडम त्यांचं पोट उघडून बघतात. कोणी झिंगे खातो, कोणी चिखलातले किडे, कोणी दुसऱ्याची अंडी. एक मासा मात्र दगडाजवळ अंडी राखत बसला होता. त्याचं पोट रिकामं निघालं. मला आपल्या बोडीच्या तळ्यातली मरळ आठवली; तीही अशीच पिल्लं राखत फिरते.

बोडी तुझ्या हाती सोपवून मी निघालो तेव्हा तू पाण्याला हात लावून म्हणाला होता, "पिल्लं घेऊन फिरणाऱ्या मरळीवर जाळं टाकणार नाही." श्रावणात फोनवर सांगत होता, "दादा, पिल्लं बोटाएवढी झाली!" मी इथे सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटलो. काल तुझ्या वहिनीच्या तोंडून निघालं, की ती मरळ तू आषाढातच पाहुण्यांना रांधून घातली, आणि मायेविना पिल्लं बाकीच्या माशांनी गिळली.

भुकेपोटी मारली असती तर मी गप्प बसलो असतो. पण फोनवर खोटी पिल्लं काऊन वाढवली रे?

जाळं वहिनीकडे दे. तुझं ताट माझ्या घरी आहे तसंच राहील, पण बोडीच्या पाळीवर आता तू चढू नको.

तुझाच,
उमरावदादा