रिपीटरचा कान

१२ जानेवारी २००३, आळे

सोमनाथ सापडला! निदान आवाज तरी. दुपारी दुकानात वायरलेस सेट दुरुस्त करून आकडे फिरवत होतो, तर एकदम — "सात नंबर बोलतोय. पाइप उतरवले." माझाच पोरगा. लग्नावरून माझ्याशी भांडून गेला, दोन वर्षं घरी नाही. दिवाळीला बहिणीला फोन, "साताऱ्याच्या पलीकडं हाये, लई लांब, यायला जमत न्हाई," एवढंच. पत्ता नाही, कंपनीचं नाव नाही.

रतनला सांगितलं. कितीतरी दिवसांनी बायको अंथरुणात उठून बसली.

१३ जानेवारी

रतनचं सकाळपासून एकच — "त्याला म्हणावं, एकदा तोंड दाखव." डॉक्टरांनी तर हातच टेकलेत.

पण बोलू कसा? कुठल्याशा डोंगरावर त्यांचा रिपीटर आहे. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच दुसरीवर जोरात बोलतो, म्हणून लांबलांबची माणसं एकमेकांना ऐकू येतात. मला त्याचं तोंड सापडलंय, कान नाही. आणि तोंडात ओरडून काय उपयोग?

१५ जानेवारी

पिंपरी पेंढारला जानकूकडे गेलो. फौजेत वायरलेसवर होता तो. म्हणाला, "कोणी बोलत आसंल तवा दुसऱ्या सेटवर आकडे फिरवत ऱ्हायचं. पण बोलणारा जवळ पायजे, भाऊ. सरळ आवाज चारदोन मैलांच्या पुढं न्हाई यायचा. सोमनाथचं सोड. त्यांचा दुसरा कोणी गडी हिकडं आला, तर घावंल."

म्हणजे परक्याच्या पोरानं इकडं यावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसायचं. बसतो.

१८ जानेवारी

काही नाही.

२१ जानेवारी

एक सेट रतनच्या उशाशी ठेवलाय. सात नंबर बोलला की डोळे उघडते. आज त्यानं कुणाला तरी विचारलं, "जेवला का?" तर हीच म्हणाली, "न्हाई रे." मला तिथं बसवेना. मागच्या दारी जाऊन रडलो.

२२ जानेवारी

कान सापडला. पण कसा!

उशाशी सात नंबर बोलत होता, मी माझ्या सेटवर आकडे फिरवत होतो. एका आकड्यावर तोच आवाज — दोन्ही सेटवर सोमनाथ! आधी हरखलो. मग ध्यानात आलं. हा आवाज डोंगरावरून नव्हता, सरळ त्याच्याकडून होता. एरियल काढून टाकली. तरी खणखणीत. सातारा कसला? इथंच कुठंतरी, आळेफाट्याच्या आसपास.

दुसऱ्याच्या चॅनलवर बोलणं गुन्हा. असू दे. एरियल परत लावून बटण दाबलं — "सोमनाथ, मी नाना. आईचं काही खरं नाही. ये."

मग कुणी साहेब, "सात नंबर, कौन बोल रहा है?"

"कोणी न्हाई, साहेब. कोणीतरी भलताच माणूस घुसलाय."

रतनचे डोळे उघडे होते.

२३ जानेवारी

पहाटे रतन म्हणाली, "लई लांब हाये वो तो. तुमचा आवाज वळखला नसंल."

मी हो म्हणालो.