पंकजाला काय वाजवून पाठवायचं

६ एप्रिल २०२५, रविवार
पुणतांब्याची मंडळी येऊन गेली. तारीख ठरली, अक्षय तृतीया. सगळं ठरलं, एक सोडून. डीजे की बँड! नवरदेवाचं, गोरक्षचं पहिलंच लग्न, म्हणून तिकडच्या पोरांना डीजे हवा. माझी बायको सत्यशीला म्हणते बँडच हवा, शोभून दिसतो. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, दोन दिवसांत कळवतो.
जाताना त्यांच्यातले एक म्हातारे माझा हात धरून म्हणाले, सून म्हणून आणली आणि लेक म्हणून देताय, मोठं मन लागतं. 

७ एप्रिल
आमच्या पोराला, हर्षलला जाऊन चौदा महिने झाले. आमच्या दारात शेवटचा डीजे वाजला तो त्याच्या आणि पंकजाच्या लग्नात. मला ओढत होता, आण्णा, एकदाच नाचा. मी हात सोडवून घेतला. लोक बघत होते म्हणून.
डीजे नको.

९ एप्रिल
भीमादादा आला होता. थोरला भाऊ, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. म्हणाला, "दुसरेपनाचं लगीन हाय. वाजत्री कशाला? देवळात चार मानसांत उरकून टाक. लोकं हसत्यात."
आयुष्यात त्याला उलटून बोललो नव्हतो. आज बोललो. "तिनं काय चोरी केली? वाजवूनच पाठवणार."
आत पंकजा पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला. जरा वेळानं परत सुरू झाला.
दादा चहा न पिता गेला.

१३ एप्रिल, रविवार
भिंगारला गेलो, फैयाजभाईंकडे. बँडमध्ये माणसं किती, क्लॅरिनेट किती, सगळं नीट विचारलं. माणूस सरळ आहे. म्हणाले, डीजेसारखा दणका आमच्याकडून होणार नाही, पण बायका रडतील असं वाजवतो. मी म्हणालो, तेवढं नको.
मग वही काढली. गाडीवरच्या माईकवरून नावं पुकारतात, त्यासाठी. नवरीचं नाव सांगितलं. नवरदेवाचं?
मी सांगितलं — हर्षल.
त्यांनी लिहून घेतलं. मी बाहेर पडलो. बस सुटल्यावर ध्यानात आलं! पुढच्या थांब्याला उतरून उन्हात चालत परत गेलो. नाव चुकलं, एवढंच म्हणालो. हर्षल कोण ते त्यांनी विचारलं नाही. एक रेघ मारली. मी नवीन नाव सांगेना, तेव्हा म्हणाले, "बसा साहेब. चहा घ्या. नाव सावकाश कळवा, घाई नाही."
बसलो. चहा घेतला. घरी यातलं काही सांगितलं नाही.

१४ एप्रिल
अजून नाव कळवलेलं नाही.

१८ एप्रिल
गोरक्षचा फोन. म्हणाला, "मामा, पोरांचं मनावर घेऊ नका, त्यांना मी बघतो. पंकजाला काय पाहिजे ते करा. तिला विचारलं का?"
नाही विचारलं. पाहुणे आले, तारीख धरली, साड्या झाल्या, मी भिंगारला जाऊन आलो. तिला कोणीच काही विचारलं नाही. स्थळ आलं तेव्हा तिनं मान हलवली होती, तेवढ्यावर आम्ही चाललो होतो.

१९ एप्रिल
सत्यशीला दळणाला गेली तेव्हा विचारलं. पंकजा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.
"डीजे आवडेल का बँड?"
"तुम्ही सांगाल ते, आण्णा."
"मी तुला विचारतोय."
तिनं हातातली घडी मोडली. परत घातली. मग खाली बघूनच म्हणाली, "मला जायचंच नाही अजून. तुम्हाला माझ्याकडं बघवत नाही. मी आले की तुम्ही उठून बाहेर जाता. मला वाटलं मी जड झाले. म्हणून हो म्हणाले."
मी बाहेर जात होतो ते खरं आहे. हर्षल गेल्यापासून ती एकटी आत आली की तिच्या मागं दाराकडं नजर जायची. म्हणून उठायचो. आणि आम्ही दोघं नवराबायको चौदा महिने हेच बोलत होतो, की पोरीचं सगळं आयुष्य पडलंय, आपल्यासाठी तिला अडकवायचं नाही!
एवढं सगळं तिला सांगायला हवं होतं. "जड नाहीस" एवढंच म्हणालो.

२० एप्रिल
पुणतांब्याला फोन करून नकार कळवला. गोरक्ष वाईट बोलला नाही. मग भिंगारला कळवलं. फोन ठेवला आणि बरं वाटलं. इतकं, की लाज वाटली.
पंकजाला म्हणालो, पुढं कधी मन झालं तर आधी मला सांग.
ती म्हणाली, "तेव्हा पाठवाल ना, आण्णा?"
मला लगेच हो म्हणता आलं नाही.