मिनूची चौकशी

४ फेब्रु.
मिनू आज बसायलाच तयार नाही. "दुखतं" म्हणाली. फ्रॉक वर करून पाहिला, मांडीवर गोल चटके. साडेतीन वर्षांची पोर! विचारलं तर म्हणे, "पप्पा." बालवाडी माझी, डोळेझाक कशी करू? हेल्पलाइनला फोन केला. ह्यांचं सुरू, "तिचा बाप नितीन आपल्या मराठी मंडळातला आहे. छत्रीबागेतच राहायचंय आपल्याला." राहू की!

७ फेब्रु.
चौकशीवाल्या मॅडम आल्या. आधी फोन करून! नितीनकडे पोहे-जलेबी तयार. मंडळाचे अध्यक्ष बापूकाकाही सोबतीला. मी बळेच आत जाऊन बसले. मिनूला बापाच्याच मांडीवर बसवून विचारतात, "बेटा, पापा मारते हैं क्या?" पोर काय बोलणार? मान हलवली, नाही. झालं. "फॅमिली तो अच्छी है." वर सगळ्यांसमोर मलाच, "कंप्लेंट आपने की थी ना?" डोकं फिरलंय.

१० फेब्रु.
मिनू आली नाही. घरी गेले. तिची आई स्वाती दाराच्या फटीतून, "ताई, आता नाही पाठवत तिला. तुम्ही येऊ नका, प्लीज." आतून मिनूचं रडणं. पुन्हा हेल्पलाइन. "मॅडम, वो केस तो क्लोज हो गया."

१९ फेब्रु.
मिनू गेली.
जिन्यावरून पडली म्हणे. मला कळेपर्यंत पुरूनही आले. आपल्यात एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, मग लाकडं नाहीत, कागद नाहीत, कोणी काही विचारायला नको. घाई बापूकाकांनीच केली. रडू येत नाही. नुसता संताप.

२० फेब्रु.
पहाटे एकदम सुचलं. जाळली असती तर सगळं संपलं होतं. पुरलीय. म्हणजे अजून तपासता येईल.
पोलीस ठाण्यात गेले. टीआयनी, म्हणजे तिथल्या मोठ्या इन्स्पेक्टरनी, ऐकून तरी घेतलं. "बॉडी निकालने के लिए एसडीएम साहब का ऑर्डर लगेगा. घर का कोई बोल दे तो जल्दी होगा." घरचं कोण बोलणार, नितीन?

२२ फेब्रु.
बापूकाका दारात. "सुनंदा, लेकराची माती उकरायची? पाप लागेल गं."
म्हटलं, "पाप करून झालंय काका. ते माझ्या दारात आणू नका."
ह्यांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. चाळीस वर्षांची ओळख. बरं वाटलं.

२४ फेब्रु.
दुपारी स्वाती आली. मागच्या दाराने, चपला हातात. तशीच खाली बसली. मग म्हणाली, "ताई, उकरतील तेव्हा तिला लागणार नाही ना?"
"नाही गं."
इतक्या दिवसांचं रडू तेव्हा आलं मला.
विचारलं, "माझ्याबरोबर ठाण्यात येतेस?" पदर चावत बसलीय.
खाली नितीन आलाय. तिच्या नावाने हाका मारतोय. ती उठत नाही.
ह्यांनी दाराला कडी लावली.